भाऊंचा देश आणि आक्कांचा उंबरठा

पुढारी गेला की त्याच्या नावाचा चौक होतो म्हणतात. आमच्या भाऊ इंगळ्यांच्या नावाचा अजून साधा बाकडासुद्धा झालेला नाही. किस्से मात्र मागे उदंड राहिले! त्यांच्या तेराव्याच्या पंगतीत आम्ही तोंडं पाडून बसलो होतो. मनुभाईंनी हळूच एक किस्सा काढला, त्यावर मी एक काढला, आणि लाडू वाढणारा आचारी परात खाली ठेवून ऐकत बसला. तेव्हापासून बडोद्याच्या दांडिया बाजारात मनुभाईंच्या फरसाणाच्या दुकानाच्या ओट्यावर आम्ही जमलो की विषय कुठूनही सुरू होवो, गाडी भाऊंवर येऊनच थांबते.

भाऊ म्हणजे आधी नगरसेवक, मग आमदार आणि शेवटी थेट दिल्लीला खासदार. कट्टर राष्ट्रवादी माणूस. ‘देश’ म्हणताना त्यांचा आवाज आपोआप चढायचा, आणि एकदा चढलेला आवाज चहा मागवतानाही खाली यायचा नाही. मी दिवसा बँकेत नोकरी करायचो आणि संध्याकाळी भाऊंचा बिनपगारी पी.ए. असायचो.

आणि आक्का! आक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण, मराठी शाळेतल्या निवृत्त बाई. आई लवकर गेली, भाऊंना आक्कांनीच वाढवलं. त्यांचं घर आमच्या गल्लीच्या उताराच्या टोकाला. पावसाळ्यात सगळ्या गल्लीचं पाणी आधी आक्कांकडे पाहुणचाराला जायचं.

*

पहिल्या निवडणुकीतलं पहिलं भाषण आमच्याच गल्लीत होतं. विषय होता गटार. भाऊंनी सुरुवात केली हिमालयापासून! तिथून वाळवंट, मग समुद्रकिनारा, मग सीमेवरचे जवान. लोकांच्या पायाला मुंग्या आल्या.

शेवटी दारात तांदूळ निवडत बसलेल्या आक्कांनी हाक मारली, “अरे भाऊ, दांडिया बाजारला कधी पोचणार?”

“आक्का, देशाच्या सीमांवर बोलतोय मी!”

“त्या मागाहून बघ. आधी माझा उंबरठा बघ.”

गल्ली अशी हसली की भाऊंना माईक बंद करावा लागला. पण तेही हट्टी. माईक परत चालू करून म्हणाले, “आक्का, यापुढे तुझ्या उंबरठ्याच्या आत पाणी आलं तर नावाचा इंगळे नाही!”

“मग ज्या वर्षी येणार नाही, त्या वर्षी माझं मत तुला,” आक्का म्हणाल्या. “तोवर नाही.”

भाऊ निवडून आले. त्या पावसाळ्यात पाणीही आलं.

*

आता तुम्हाला वाटेल, बहीण-भावात अबोला झाला असेल. छे! दर निवडणुकीला अर्ज भरायला निघताना भाऊ आधी आक्कांच्या दारात. आक्का पाटावर बसवून औक्षण करणार, आपल्या पद्धतीने हातावर दही-साखर ठेवणार, वर बडोद्याच्या रीतीने गोळ-धाणा, म्हणजे गूळ आणि धणेही भरवणार. भाऊ वाकून नमस्कार करणार.

आणि आक्का डोक्यावर हात ठेवून म्हणणार, “यशस्वी हो. मत मात्र देणार नाही.”

दर वेळी हेच. बाहेर ढोल-ताशेवाले त्या वाक्यासाठी थांबून राहायचे. ते एकदा बोलून झालं की मगच टिपरू ताशावर पडायचं! एका वर्षी आक्का तापाने फणफणल्या होत्या, बोलवत नव्हतं. भाऊ पाटावरून उठेचनात. “आक्का, म्हण ना. अपशकुन होईल.” आक्कांनी कण्हत कण्हत म्हटलं, तेव्हा मिरवणूक हलली.

*

नगरसेवक झाल्यावर भाऊ एकदा महापालिकेच्या सभेला निघाले ते बगलेत कसलंसं गाठोडं मारून. सभा सुरू झाली आणि यांनी गाठोड्यातून आक्कांचं भिजलेलं पायपुसणं काढून थेट आयुक्त साहेबांच्या टेबलावर पसरलं. फायलींवर पाण्याचे ओघळ!

साहेब खुर्ची मागे सरकवत ओरडले, “इंगळेभाई, आ शुं छे?”

“साहेब, आ देशनी सरहद छे! पाणी अहीं सुधी आवी गयुं छे!”

रस्ता तिथल्या तिथे मंजूर झाला. भाऊंनी स्वतः उभं राहून गल्लीत झकास डांबरी रस्ता करून घेतला. आता गंमत अशी की ठेकेदाराने जुना रस्ता न खरवडता त्याच्यावरच नवा थर चढवला. रस्ता चार बोटं वर आला आणि आक्कांचं घर तेवढंच खाली गेलं.

पुढे भाऊ आमदार झाले, रस्ता परत केला. खासदार झाले, परत केला. भाऊ चढत गेले, त्यांच्याबरोबर रस्ताही चढत गेला. आधी आक्का घरातून एक पायरी उतरून रस्त्यावर यायच्या, आता एक पायरी चढून यायला लागल्या.

“भाऊ,” आक्का एकदा म्हणाल्या, “तू पंतप्रधान होऊ नकोस रे बाबा. मला घरात जायला शिडी लागेल!”

*

पण एक सांगतो. पाऊस लागला की भाऊ कुठेही असोत, आक्कांकडे हजर व्हायचे. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः पातेल्याने पाणी उपसायचे. एकदा कार्यकर्ते मदतीला धावले तर अंगावर खेकसले, “बाजूला व्हा! हे माझं खातं आहे.”

ओल्या जमिनीवर पाट टाकून बहीण-भाऊ आलं घातलेला चहा प्यायचे आणि लहानपणीची भांडणं नव्याने भांडायचे. मी दाराशी छत्री धरून उभा राहायचो. खरं सांगू? भाऊंबरोबर मी मंत्र्यांच्या बंगल्यांवर जेवलो, पण आज आठवतो तो हा चहाच.

*

लोकसभेचा प्रचार बडोद्याजवळच्या डभोईला होता. आदल्या दिवशी विरोधी उमेदवार त्याच मैदानात बोलून गेला होता, “ज्याला सख्खी बहीण मत देत नाही, त्याला तुम्ही का द्यावं? दिव्याखाली अंधार!” टाळ्या पडल्या होत्या म्हणे. भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. एरवी कशालाही न डगमगणारा माणूस, पण ते लागलं त्यांना.

वर सभेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, “साहेब, तमे तो मराठी छो ने? बहारना?”

भाऊ म्हणाले, “काका, अमारा वडवा अहीं लश्करमां आव्या हता. पछी पाछा जवानी ट्रेन चूकी गया!”

मैदान हसून लोटपोट झालं. पूर्वज लश्करातून आले त्या काळी ट्रेन कुठे होती, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

इकडे बडोद्यात एक पत्रकार आक्कांच्या दारात जाऊन उभा राहिला. “भावाला मत देत नाही म्हणे तुम्ही?”

“नाही देत. आमचं घरचं भांडण आहे,” आक्का म्हणाल्या. “तुमचं काय भांडण आहे त्याच्याशी? तुम्ही का नाही देत?”

दुसऱ्या दिवशी पेपरात तेच छापून आलं. विरोधी उमेदवाराने बहिणीचा विषय परत काढला नाही.

*

खासदार झाल्यावर भाऊंचं लोकसभेत पहिलं भाषण झालं. टीव्हीवर दाखवलं. मनुभाईंनी दुकान बंद ठेवून टीव्ही ओट्यावर मांडला. भाषण संपल्यासंपल्या भाऊंचा आक्कांना फोन.

“आक्का, बघितलंस?”

“बघितलं. चारही सीमा आल्या. माझा उंबरठा नाही आला.”

आक्का तेवढ्यावर थांबल्या नाहीत.

“आणि तुझ्या डोक्यावर एसीचा झोत येतो तिथे. जागा बदलून घे. लहानपणापासून कान दुखतो तुझा.”

*

मग ते सर्बियाचे पाहुणे! तिकडच्या खासदारांचं शिष्टमंडळ भारतात आलं होतं, त्यातले एक गृहस्थ बडोद्याचा राजवाडा बघायला आले. धिप्पाड माणूस, मिशा भरघोस. मनुभाईंनी त्यांचं नाव दोनदा म्हणून बघितलं आणि सरळ ‘मोटाभाई’ म्हणायला लागले. तेही आधी आपल्या गावचे नगरसेवक, मग खासदार, आणि मातृभूमी म्हटलं की त्यांचाही आवाज चढायचा. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नव्हती, तरी दोघं छातीवर हात ठेवून तासभर बोलत होते. मध्ये दुभाषी मुलगी बिचारी घामाघूम!

जेवण आक्कांकडे. पुरणपोळी, कटाची आमटी आणि मनुभाईंचा लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओला चिवडा. पाहुणे रस्त्यावरून पायरी उतरून घरात शिरले, मागे वळून रस्त्याकडे बघितलं आणि काहीतरी म्हणून मोठ्याने हसले.

दुभाषी मुलगी चाचरत म्हणाली, “ते म्हणतायत, हा रस्ता नक्की तुमच्या मित्रानेच केलाय. मीही माझ्या गावात असेच रस्ते करायचो!”

भाऊंनी आमटीच्या वाटीत मान घातली. आक्कांना मात्र पाहुणा आवडला. तूप वाढता वाढता म्हणाल्या, “विचार गं त्यांना, त्यांची बहीण त्यांना मत देते का?”

मुलीने विचारलं. पाहुण्यांचा चेहरा एकदम पडला.

“ते म्हणतायत, एकदा गावच्या निवडणुकीत बहीण त्यांच्याविरुद्ध उभी राहिली होती. आणि निवडून आली!”

आक्कांनी पाहुण्यांच्या पोळीवर आणखी तूप वाढलं आणि भाऊंकडे बघितलं. “बघ. त्या मानाने मी बरी.”

*

आणि मग भाऊंचं तिकीट कापलं गेलं. पक्षाला तरुण चेहरा हवा होता. त्या वर्षी औक्षण नाही, ढोल-ताशे नाहीत. भाऊ घराबाहेर पडेनात, ओट्यावरही येईनात. मतदानाच्या दिवशीही मला म्हणाले, “मी जाणार नाही. सुर्वे, तूच जाऊन ये.”

तेवढ्यात आक्कांचा निरोप आला. “भाऊला म्हणावं, मला मतदानाला न्यायला ये.”

आक्का तेव्हा व्हीलचेअरवर होत्या. भाऊंनी त्यांना पायरीवरून उचलून रस्त्यावर घेतलं आणि खुर्ची ढकलत गल्लीतून शाळेपर्यंत नेलं. वाटेत भाऊ देशाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

केंद्रावर आक्कांच्या बोटाला शाई लागली. शिपायाने खुर्ची मशीनच्या आडोशापर्यंत नेऊन सोडली. भाऊ आणि मी दारात रांगेत उभे. बराच वेळ झाला, मशीनचा आवाज येईना. अधिकारी चुळबुळायला लागला. रांगेतली माणसं माना वर करून बघायला लागली.

मग आडोशामागून आक्कांचा वर्गात घुमायचा तो खणखणीत आवाज आला, “अहो साहेब, हे मशीन बिघडलंय!”

“शुं थयुं, बा?”

“चिन्ह तेच आहे, पण नाव भलत्याचंच आहे. दर वेळी इथे भाऊ असतो!”

अधिकारी मराठीच निघाला. धावत आडोशाजवळ गेला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “आजी, हळू बोला. मत गुप्त ठेवायचं असतं.”

“मग इतकी वर्षं ठेवलंच होतं की!”