पान एकशे अठ्ठ्याऐंशीवरची शंका

छापखान्यात तिला शंकाबाई म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं बाई. तीस वर्षं खिडकीशेजारच्या एकाच टेबलावर बसून ती इतरांची पुस्तकं तपासते. ओळीखाली लाकडी पट्टी धरायची, चूक दिसली की लाल पेनाने दुरुस्त करायची. मजकुरातच काही खटकलं, म्हणजे नायिका तिसऱ्या प्रकरणात विधवा आणि पाचव्यात नवऱ्याला डबा देताना, तर समासात पेन्सिलने शंका लिहायची. नको असलेली शंका लेखकाने खोडायची. ज्या पानावर लेखकाचं निळ्या पेनातलं ‘मान्य’ आहे, त्यावर न खोडलेलं जे काही उरलं असेल ते जुळणी करणारा ऑपरेटर कंसात का होईना, मजकुरात घालतो. हा नियम मोडल्याचं इथे कुणाला आठवत नाही.

तिचा धाकटा भाऊ लेखक आहे. निदान त्याच्या दारावरच्या पाटीवर तसं आहे. पहिल्या कादंबरीत त्याने कला वापरली. नायक संग्रहालयातल्या एका चित्रासमोर चाळीस पानं उभा राहतो. ते चित्र लेखकाने न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर पाहिलं होतं. दुसरीत इतिहास आला, पणजोबांनी पलटणीत केलेलं बंड. पणजोबा त्या पलटणीत आचारी होते आणि बंडाच्या दिवशी रजेवर होते. दोन्ही पुस्तकांना बरं म्हणणारे लोक मिळाले; ते काय, कशालाही मिळतात. मग कला आटली, इतिहास आटला, आणि घराची पाळी आली.

तिसऱ्या कादंबरीत, पान एकशे अठ्ठ्याऐंशीवर, शेवटच्या घटका मोजणारा बाप पाणी मागतो. बायको शेजारणीकडे पत्ते खेळत असते. बाप कोरड्या घशाने जातो.

प्रत्यक्षात त्या दुपारी आई दवाखान्याच्या लाँड्रीत चादरी पिळत होती. रजा शिल्लक नव्हती. पाणी दिलं ते मोठ्या मुलीने, म्हणजे या शंकाबाईने, चमच्याने. लेखक परगावी नाट्यस्पर्धेत शोकाकुल मुलाची भूमिका करत होता. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. डोळ्यांनी दिसत नाही, पण लेकाचं प्रत्येक पुस्तक ती लेकीकडून वाचून घेते. मधलं काही गाळलं की तिला लगेच कळतं. हे पानही तिला वाचून दाखवावं लागणार होतं. म्हणून छापखान्यात प्रुफं हाती येताच बहीण भावाकडे गेली.

“हे पान काढ.”

“ताई, ती आपली आई नाही. पात्र आहे.”

“पात्राच्या डाव्या हातावर इस्त्रीचा डाग आहे, आणि ते लाँड्रीत कामाला जातं?”

“लेखक कुठून तरी घेणारच ना. वास्तवाला थोडं वळण द्यावं लागतं.”

“मग तू कुठे होतास तेही लिही.”

“मी निवेदक आहे. निवेदक सगळीकडे असतो.”

“औषधं आणायला मात्र कधी नसायचास.”

तो हसला. “तू आपली तुझी प्रुफं बघ.”

तिने बघितली. त्या प्रकरणात अकरा शंका काढल्या. एकशे अठ्ठ्याऐंशीच्या समासात लिहिलं: ‘पाणी मागितलं तेव्हा खोलीत मोठी मुलगी होती. तिने पाणी दिलं. आई कामावर होती. मुलगा कुठे होता? तपासावे.’

प्रुफं चार दिवस भावाकडे होती. तीनशे बारा पानांवर ‘मान्य’ आणि सही. एकही शब्द खोडलेला नाही. स्वतःचं लिखाण पुन्हा वाचलं की उत्स्फूर्तता जाते, असं तो मुलाखतींत सांगतो. आळसाला इतकं भारदस्त नाव दुसऱ्या कुणाला सुचलेलं नाही.

“बाई, शंकाही घालायच्या?” ऑपरेटरने विचारलं.

“मान्य लिहिलंय का?”

“पानोपान. सहीसुद्धा झोकदार.”

“मग मला काय विचारता?”

शेवटचं प्रूफ तिच्याच टेबलावर आलं. लेखकाने मान्य केलेलं सगळं उतरलंय का, एवढंच आता पाहायचं होतं. अकराही शंका कंसात नीट बसल्या होत्या. हातात लाल पेन होतं. तिने पट्टी बाजूला ठेवली आणि खाली सही केली.

पुस्तक हाती पडल्यावर भाऊ छापखान्यात येऊन टेबलं आपटून गेला. सगळ्या प्रती रद्दीत घाला म्हणाला. मालकांनी तीनशे बारा सह्या पुढे ठेवल्या. रविवारी एका समीक्षकाचा लेख आला: ‘निवेदकाची सदसद्विवेकबुद्धी कंसांतून बोलते, असं धाडस विरळा.’ मंगळवारी एका सत्कारात लेखक सांगत होता की या कंसांसाठी आपण आठ महिने तळमळलो. बुधवारी त्याने मालकांना बजावलं, दुसऱ्या आवृत्तीतला एकही कंस हलता कामा नये.

घरी वाचन त्या पानापर्यंत पोचलं तेव्हा दुपार होती. मोठ्या मुलीने पत्त्यांचं वाक्य वाचलं, मग कंस वाचला. आई हातावरचा डाग चोळत होती.

“परत वाच.”

“कुठून?”

“पत्ते सोड. पुढचं.”

तिने वाचलं.

“हे त्याने लिहिलंय?”

“त्याची सही आहे त्यावर.”

“त्याला काय माहीत? तो होता कुठे.” आईने डागावरचा हात थांबवला. “पाणी कोमट केलं होतंस?”

“हो.”

“मग ते का नाही आलं यात?”

“दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं यायची आहेत,” मुलगी म्हणाली आणि तिने पान उलटलं.