मामीच्या फोटोला हार

'उदयोन्मुख' हा शब्द ज्याने शोधून काढला त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा. नऊ वर्षं झाली, मी उदयोन्मुखच आहे. कानामागचे केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, ज्या पोरींचे दहावीच्या फॉर्मचे फोटो मी काढले त्यांच्या लग्नाचे अल्बमही मीच केले. पण प्रदर्शनाच्या पत्रिकेवर माझ्या नावाआधी अजून तोच शब्द. अमरावतीच्या राजापेठेत माझा स्टुडिओ आहे. खाली झेरॉक्सवाला, वर ट्यूशन क्लास, मधे मी. दिवसभर पासपोर्ट फोटो, आणि निकाल लागले की क्लासच्या बॅनरसाठी गुणवंतांचे चेहरे. हे झालं पोटापाण्याचं. माझं खरं काम वेगळं आहे. माणसं आपापल्या कामात बसलेली असताना मी त्यांचे फोटो काढते आणि जवळजवळ माणसाएवढे मोठे छापते.

मुंबई-पुण्याच्या जाणकारांना हे दाखवलं की ते हळूच विचारतात, तुमच्याकडची भेगाळलेली जमीन नाही का? रडणारी एखादी बाई? नाही बाप्पा, नाही माझ्याकडे. माझ्याकडे काम करणारी बाई आहे, आणि ती तुमच्याकडे सरळ पाहून राहिली आहे. ते त्यांना पचत नाही.

ती बाई म्हणजे माझी मामी. चांदूर रेल्वेच्या अलीकडे मामाची फुलशेती आहे, झेंडू आणि शेवंती. मामा खुडणी आणि बाजार बघतो, मामी हार करते. माझ्या या कॅमेऱ्याच्या नादाबद्दल घरात कुणी काही बोलायचं बाकी ठेवलं नाही. यानं काय होते, याच्यापेक्षा बीएड कर, असल्या कॅमेरावालीशी लग्न कोण करीन, सगळं ऐकून झालं. एकट्या मामीने कधी काही विचारलं नाही. मी गेले की ती नुसती सरकून जागा करायची. तिचा फोटो मी बांधावर काढला. मांडीवर झेंडूचा ढीग, दातात दोरा, डोळे थेट कॅमेऱ्यात. पदर नीट करू दे म्हणत होती, मी करू दिला नाही. आजवर मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो तो, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन.

मोठा छापायचा म्हटलं आणि मामी अडली. मोबाइलमधे ठेव, पाहिजे तितक्या लोकांना दाखव, पण काचेच्या फ्रेममधे मला बसवू नको, म्हणाली. तिच्या घरच्या भिंतीवर तीन फ्रेम आहेत. सासरा, सासू आणि थोरला दीर. तिघंही गेलेली. सणावाराला त्या तिघांना तीच हार घालते. शिवाय तिचं कामच ते. हार न्यायला आलेल्या माणसाचं तोंड पाहून तिला कळतं की हा हार देवाला जाणार, लग्नात जाणार की फोटोवर चढणार. गळ्यात हार पडला तर सत्कार, फोटोवर पडला तर माणूस गेला. आमच्याकडे हे लहान लेकरालाही शिकवावं लागत नाही. आणि मी, मोठी शहाणी, तिच्या या भीतीला हसले होते.

सहा महिने मी तिच्या मागे लागले. शेवटी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला की फ्रेम घरात लागणार नाही, हॉलमधे चार दिवस राहील, आणि त्या चार दिवसांत तिला फूल, कुंकू, उदबत्ती काही म्हणता काही लागणार नाही. मी स्वतः तिथे उभी असेन. मामीने दोऱ्यात आणखी दोन फुलं ओवली.

"तू उभी राह्यशीन तं लाव," म्हणाली. पण पहिल्या दिवशी आपण स्वतः येऊन पाहणार, हेही तिने बजावलं.

प्रदर्शन अकोल्याला होतं. तिथल्या एका कलामंडळाने वऱ्हाडातले आम्ही आठ उदयोन्मुख निवडले होते, आणि समोरची मोठी भिंत मला दिली होती. उद्घाटनाला मुंबईहून एक पाहुणे येणार होते. तिकडच्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी ते आमच्यातून एकाला उचलणार होते. आदल्या दिवशी मंडळाचे सचिव माझ्या कानात सांगून गेले की त्यांना मेलवर तुमचेच फोटो आवडलेत, ठरल्यात जमा समजा. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी मामीचा फोटो मधोमध लावला. खाली कार्ड चिकटवलं. त्यावर तिचं पूर्ण नाव, गाव, वय आणि 'फुलशेती करतात, हार विणतात'. करतात. विणतात. मराठी वाचता येणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय सांगायचं? मग मामीला आणायला बस स्टँडवर गेले. सचिवांना सांगून गेले. बस पाऊण तास उशिरा आली. मामी ठेवणीतलं लुगडं नेसून उतरली. येताना माझ्यासाठी शेवंतीची वेणी करून आणली होती. तिथेच, स्टँडवर, तिने ती माझ्या केसांत माळली.

त्या पाऊण तासात हॉलमधे काय झालं ते मला नंतर कळलं. पाहुणे वेळेवर आले. मराठी माणसाचा कार्यक्रम प्रतिमापूजनाशिवाय सुरू होत नाही, मग तो सहकारी बँकेचा असो की फोटोंचा. मंडळाच्या संस्थापकांची तसबीर ऑफिसच्या कपाटात, किल्ली शिपायाकडे, शिपाई चहाला गेलेला. हार ताटात तयार, पाहुणे उभे, निवेदिका माइकवर. सचिवांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर मोठी फ्रेम होती, मधोमध होती, आत वयस्कर बाई होती. कुणाच्या तरी मातोश्री असतील असं त्यांना वाटलं. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना यात काही चुकलं असं वाटत नव्हतं.

आम्ही आत शिरलो तेव्हा पाहुणे भाषण करत होते. त्यांच्या मागे माझी मामी. काचेवर कपाळाच्या जागी कुंकवाचं बोट, वरून खाली लोंबणारा हार, पायाशी उदबत्ती. पाहुणे म्हणत होते की या अनाम माउलीसारखी माणसं निघून जातात आणि त्यांची नजर मागे राहते. अनाम! कार्ड त्यांच्या कोपराजवळ होतं.

त्या वाक्यावर टाळ्या झाल्या. मामी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड धरला.

आता मला सांगा, त्या हॉलमधे कोण होतं? सात फोटोग्राफर होते. पाहणं हेच ज्यांचं काम, अशी सात माणसं. त्यातल्या एकाने सकाळी ती फ्रेम माझ्याबरोबर उचलली होती, कार्ड सरळ लागलं की नाही ते मागे सरून बघितलं होतं. मी मामीला आणायला चालले हे त्याला ठाऊक होतं. हार चढताना त्याने काय केलं? चार बाजूंनी फोटो काढले. तू बोलला कावून नाहीस, असं मी त्याला नंतर विचारलं, तर म्हणतो, ताई, फ्रेम जबरदस्त होती. त्याच्या हातातला कॅमेरा हिसकून खाली आपटावा असं वाटलं. अजूनही वाटतं.

मी सचिवांना बाजूला ओढलं आणि सांगितलं की ही बाई इथे उभी आहे, हार काढा. ते घाबरले, पण मामीला नाही, पाहुण्यांना. त्यांनी स्वतःच्या हाताने घातलेला हार त्यांच्यासमोर कसा काढायचा, भाषण संपू द्या, पाच मिनिटांचा प्रश्न आहे, आणि तुमचंही त्यांच्याकडे काम आहे ना, असं कुजबुजत राहिले.

इथपर्यंत सगळा दोष त्यांचा. पुढचा माझा.

मी मामीकडे वळले आणि म्हणाले, "मामी, पाच मिनिटं बाहेर बस."

मी म्हणाले हे. दुसऱ्या कुणी नाही. आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण जे झालं ते झालं. पाच मिनिटांसाठी मी तिला मेलेलीच राहू देणार होते, कारण माझं काम होत होतं.

मामीने माझा दंड सोडला. चपला दाराशी काढल्या आणि खुर्च्यांच्या मधून सरळ पुढे गेली. एक प्लास्टिकची खुर्ची ओढून वर चढली. पाहुणे बोलायचे थांबले. तिने दोन्ही हातांनी हार उतरवला, एकही फूल न सांडता, आणि नीट गोल करून टेबलावर ठेवला. मग पदराने काचेवरचं कुंकू पुसलं. ते पसरलं, म्हणून पदराचं टोक थुंकीने ओलं करून पुन्हा पुसलं. पाहुण्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला. हात जोडून ते काहीतरी पुटपुटले. मामीने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

"मले इथून खाली उतरव," ती मला म्हणाली.

मी फ्रेम काढली. मधली भिंत रिकामी दिसते, असं सचिव म्हणाले, आणि मग मात्र माझा तोल गेला. मी त्यांना बह्याड म्हणाले, आंधळे म्हणाले, त्या सातांच्या नावाने बोलले, पाहुण्यांनाही सोडलं नाही. अख्खा हॉल ऐकत होता. तोंड तेव्हा फार चाललं. पाच मिनिटं आधी चालवायचं होतं.

फ्रेम चादरीत गुंडाळून आम्ही अमरावतीची बस धरली. फ्रेम आडवी मावेना, म्हणून दोघींच्या मधे उभी धरून बसलो. मी गप्प बसले नाही. असे लोक, तसे लोक, कार्ड वाचायला काय झालं होतं, जिवंत माणूस कळत नाही आणि निघाले कलेवर बोलायला, सगळ्यांची लेखी माफी घेते की नाही बघ, असं माझं सुरूच होतं. मामी खिडकीबाहेर पाहत होती. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा तिने माझ्याकडे तोंड केलं.

"त्याईले काय मालूम वं, मी जित्ती हाओ का मेली," ती म्हणाली. "तुले तं मालूम होतं."