काटोलला गेलेली आरा मशीन

आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. परगावचे पाहुणे पहिल्या दिवशी दचकायचे. त्यांना वाटायचं, घरात भांडण पेटलंय. कधीकधी ते असायचंही, पण खरं कारण बाबा होते. संत्र्यांच्या पेट्यांसाठी साळईच्या लाकडाच्या फळ्या चिरता चिरता त्यांचे कान गेले होते. मी चौथीत असताना मोठ्यानं मारलेली हाक त्यांच्यापर्यंत पोचायची. मी मॅट्रिकला आले तेव्हा कानाशी ओरडलं तरी ते नुसते हसायचे. न कळल्याचं ते हसू मला अजिबात सहन व्हायचं नाही.

कान खाल्ले ते आमच्या आरा मशीननं. इतवारी बाजाराच्या मागच्या एका गल्लीत आमचं घर, घराला लागून टिनाचं शेड आणि शेडमध्ये ती. बाबांनी स्वतःच्या हातानं ठोकलेलं सागवानी टेबल, मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं, खाली मोटर आणि पट्टा. आजोबा हातकरवतीनं फळ्या कापायचे. वीज आल्यावर बाबांनी ही उभी केली. सुरू झाली की शेडचे पत्रे आणि आमच्या स्वयंपाकघरातली ताटं एकदमच वाजायला लागायची. शेजारच्या काकूंना भांडायला यायचं तर मशीन बंद असतानाच यावं लागे, नाहीतर त्यांचं भांडण वाया जायचं.

पण कान गेल्यावर बाबांना या जगातली एकच वस्तू ऐकू यायची, ती म्हणजे तीच मशीन. त्यांचा डावा तळहात सदा टेबलावर टेकलेला असायचा. तिच्या थरथरीवरून त्यांना सगळं समजायचं: लाकडात गाठ आली, पात्याची धार गेली, पट्टा सरकू लागला. आमच्यात जेवायला बसले की ते पाहुण्यासारखे अवघडून बसत. शेडमध्ये गेले की पुन्हा घराचे मालक होत.

सत्तरच्या दशकातल्या एका वर्षी संत्र्यांना भरघोस बहार आला. पेट्यांची मागणी वाढली आणि आमची मशीन नेमकी तेव्हाच कुरकुरायला लागली. पट्टा सारखा तुटायचा. पात्यावर झाकण नव्हतंच. मागच्या हिवाळ्यात बाबांचा अंगठा थोडक्यात वाचला होता, तेव्हापासून मोठ्या भावाच्या जिवाला घोर लागला होता. तो सदरच्या बाजारात जाऊन नवी मशीन बघून आला. ओतीव लोखंडाची, झाकणवाली. दुकानदारानं ती चालू करून तिच्यावर रुपयाचा शिक्का उभा ठेवून दाखवला आणि तो पडला नाही. भाऊ आठवडाभर त्या शिक्क्याचंच कौतुक सांगत होता.

"तो शिक्का का जेवाले घालणार हाये आपल्याले?" आई म्हणाली.

बाबांनी मात्र एकच गोष्ट विचारली. "थरथरते का गा?"

भावानं आनंदानं मान हलवून नाही म्हटलं. वर तळहात आडवा धरून, स्थिर ठेवून दाखवला. बाबा त्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

आईला त्या 'बरं'चा अर्थ कळला होता. तिनं भावाला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यायले हाताले थरथर लागली तरच समजते. थरथरली नाही तर काय करतीन ते?"

"आणि हातच गेला तर?" भावाचा आवाज चढला. "काहून समजून नाही राहिली तू?"

  भावाचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट आठवली की मला राग येतो. कुणावर काढायचा तेच समजत नाही.

जुनी मशीन काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्यानं घेतली. तो टेम्पो घेऊन आला त्या सकाळी आईनं पात्याला हळदीकुंकू वाहिलं, खंडेनवमीला वाहायची तसंच. बाबा म्हणाले, एकदा चालवून देतो. फळी घेतली नाही. नुसती मशीन सुरू केली आणि दोन्ही तळहात टेबलावर ठेवून, मान खाली घालून उभे राहिले. घरातली ताटं वाजू लागली. व्यापाऱ्याला उशीर होत होता, तरी तो टेम्पोला टेकून थांबला. मग बाबांनीच खटका खाली ओढला. टेम्पोत चढवल्यावर दोरही त्यांनीच आवळला.

"पट्टा जास्त ताणू नका जी," ते व्यापाऱ्याला ओरडून म्हणाले. "ताणला की रुसते."

"काळजी नका करू," व्यापारी म्हणाला. बाबांना ते ऐकू गेलं नाही. ते हसले.

नवी मशीन बसवली, नारळ फोडला, भावानं बटण दाबलं. आवाज असा की माणसानं घोंगडीखाली गुणगुणावं. स्वयंपाकघरातलं एकही ताट हललं नाही. बाबांनी डावा तळहात लोखंडावर ठेवला. थोडा पुढे सरकवला, मागे घेतला. मग दुसराही ठेवला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"सुरू कर ना गा," बाबा म्हणाले.

मशीन पूर्ण वेगात होती. पातं झाकणाखाली, त्यामुळे ते फिरताना दिसतही नव्हतं.  झाकणाच्या कडेला मशीनच्या खोक्याची एक लाकडी कपची अडकलेली होती, मशीन बंदच आहे असं समजून बाबांनी ती काढायला बोटं आत घातली. भावानं त्यांना सदऱ्याला धरून मागे खेचलं. दोघंही भुशात पडले. हात वाचला. भाऊ त्यांच्या कानाशी तोंड नेऊन "सुरू होती बाबा, सुरू होती," असं ओरडत रडत होता.

बाबांनी अंगावरचा भुसा झटकला. "तू चालव," म्हणाले. "मी बसतो."

भाऊ पुढच्याच आठवड्यात काटोलला गेला, मशीन परत मागायला. व्यापाऱ्यानं तोवर सागवानी टेबल मोडून पातं आणि मोटर लोखंडी चौकटीवर चढवली होती. आणायला तिथे काही उरलं नव्हतं.

बाबा मग आईसोबत ओट्यावर पेट्या ठोकायला बसू लागले. सकाळी आईकडे बघायचे. शेडमध्ये मशीन सुरू झाली की आई मान हलवायची आणि मगच ते पहिला खिळा हातात घ्यायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं.

ते शेवटचे आजारी पडले तेव्हा ऐन हंगाम होता. भावानं शेड बंद ठेवलं होतं. दुपारी आम्ही सगळे खाटेभोवती होतो. बाबांनी डोळे उघडले, आईला शोधलं आणि विचारलं, "सुरू हाये का वं?"

आईनं मान हलवली. हो.

भावानं ते बघितलं. तो उठला, शेडमध्ये गेला आणि त्यानं बटण दाबलं. घरात ती गुणगुण ऐकू आली. चिरायला एकही फळी नव्हती. बाबांना ऐकू येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं ती बंद केली नाही, आणि संध्याकाळी बाबा गेले तेव्हाही ती सुरूच होती.