प्रात्यक्षिकाच्या खोलीत ऐकलेला आवाज

बाबा अपघातात गेले, तेव्हापासून मी मारुतीच्या देवळात जाणं सोडलं होतं. लहानपणी आमच्या गावी, रोहण्याला, दर शनिवारी ते मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. रुईच्या पानांची माळ माझ्या मांडीवर असायची आणि त्यांची हनुवटी माझ्या डोक्याला टेकायची. पण ज्याला इतक्या माळा घातल्या, त्यानं रस्त्यावर पडलेल्या माझ्या बापाकडे पाहिलं नाही, हा राग मनातून जाईना.

मी समुद्रपूरला परिचारिका आहे. अपघात विभागात राहायचं तर जखमींवरच्या तातडीच्या उपचारांचं प्रमाणपत्र लागत होतं. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागे. प्रात्यक्षिकात एक महत्त्वाची पायरी सुटली, तर बाकी सगळं बरोबर असूनही नापास. लेखी सहज निघाली. प्रात्यक्षिकात मात्र रंगाचं खोटं रक्त पाहून बाबा आठवले. मी रक्ताकडेच धावले आणि मानेला आधार द्यायचा राहून गेला. आता एकच संधी उरली होती.

दुसऱ्या वेळी वर्ध्याच्या केंद्रात एक म्हातारे वॉर्डमामा बेशुद्ध जखमीचं सोंग घेऊन पडले होते. परीक्षकांनी खूण केली आणि माझा हात पुन्हा आधी रक्ताकडेच जाऊ लागला. कित्येक वर्षांनी मनातल्या मनात म्हटलं, "मारुतीराया, माझ्याच्यानं होत नाही. तूच बघ." तेवढ्यात अगदी जवळून हळू आवाज आला, "घाई नको करू माय. मी कुठी जाऊन राह्यलो?"

मी हात मागे घेतला. आधी मानेला आधार दिला, मग श्वास पाहिला, मग रक्त थांबवलं. काहीच सुटलं नाही.

उत्तीर्ण झाल्याचं कळल्यावर मामांसाठी चहा घेऊन गेले. म्हटलं, "मामा, तुम्ही धीर दिला म्हणून झालं."

त्यांनी कप खाली ठेवला. "मी? मले तं बेशुद्ध पडून राह्य म्हणलं होतं, बाई. मी काऊन बोलीन?"

तो आवाज कुणाचा, ते मला कळलं. काही आठवड्यांनी अल्लीपूरची एक बाई गाडीवरून पडून आमच्याकडे आली. दारातून तिचा नवरा सारखा विचारत होता, "सिस्टर, वाचन ना माही बायको?" माझ्या हातून होण्यासारखं सगळं मी केलं आणि उरलेलं मारुतीरायावर सोपवलं. बाई वाचली. नवऱ्यानं माझ्यापुढे हात जोडले, तेव्हा माझेही हात आपोआप जोडले गेले.