तेलकागदाचा डाग

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर हातात पेन आलं ते दुधाचे खाडे मांडण्यापुरतं. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला अजून नीट कळत नाही. ओळ सरळ सुरू झाली तरी शेवटाला खाली घसरते. वही मुलीची आहे, तिची मागची पानं कोरी राहिली होती. कुणाला दाखवायची नाही, तरी कुणाच्या हाती पडलीच तर चुका सोडून वाचावं.

मी सहकारनगरात एका बाईंकडे स्वयंपाकाला जाते. बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. आता निवृत्त आहेत, एकट्या राहतात आणि गुडघ्यांमुळे जिना फारसा उतरत नाहीत. त्यांच्या हॉलची एक अख्खी भिंत चित्रांच्या पुस्तकांनी भरली आहे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, "शनिवारी पोळ्या झाल्या की पुस्तकांवरची धूळ पुसायची. पुसायची म्हणजे पुसायची. कढईसारखी घासायची नाही."

पुसता पुसता मी पुस्तकं उघडायला लागले. बहुतेक इंग्रजी होती, पण चित्राला भाषा लागत नाही. एका पुस्तकात एकाच पेरूची पाच चित्रं होती. पहिल्यात नुसता गोल, दुसऱ्यात एका बाजूला सावली, आणि पाचव्यात तो पेरू उचलून खावा असा. मधल्या तीन चित्रांत काय काय झालं ते शोधायला मला तीन शनिवार लागले. मुलीच्या शाळेचे उरलेले पाण्याचे रंग घरी होते. दुपारी दोन कामांच्या मधे घरी आले की जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी ते करून बघायची.

माझं सगळ्यात आवडतं पुस्तक जुनं होतं. जाड, बिनचकाकीचा कागद. त्यात एक चित्र होतं, पांढऱ्या कापडावर फळं आणि एक तांब्याचं भांडं. मी ते कापड बघत बसायची. पांढरं म्हणायचं, पण त्यात पांढरा रंग जवळजवळ नव्हताच. घडीत निळा होता, भांड्याजवळ तांबूस होता, कडेला राखाडी. त्यानंतर मी कणकेवर ओला पंचा टाकला की आधी त्याच्याकडे बघायची. त्यातही निळं होतं. मी वीस वर्षं कणीक झाकते आहे आणि मला ते दिसलं नव्हतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. बाईंना तर नाहीच. मला बोलायला जमत नाही. बाईंनी "मीठ कमी आहे" म्हटलं तरी माझे कान गरम होतात. मनात मात्र असायचं की एक दिवस बाई स्वतः विचारतील, काय गं, इतका वेळ काय बघतेस? दोन वर्षं मी त्या प्रश्नाची वाट पाहिली.

मग भांडी-फरशीला नवीन बाई लागली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, नवऱ्याबरोबर मराठवाड्यातून आलेली. केसांना चापून तेल, पाठीवर जाड वेणी, आणि तोंड दिवसभर चालू. आल्यापासून चौथ्या दिवशी तिनं फरशी पुसता पुसता मान वर करून विचारलं, "बाई, हे असं काढायला कसं शिकायचं हो? मला शिकवा की."

मी पोळी लाटत होते. मला वाटलं आता बाई हिला चांगली फोडून काढणार.

बाई म्हणाल्या, "आधी कोपरे पूस. तिथे शेवाळ धरलंय."

तिनं कोपरे पुसले, हात धुतले आणि बाईंच्या खुर्चीशेजारी खाली बसली. बाईंनी तिला कागद आणि पेन्सिल दिली. इतकं सोपं होतं ते. मी दोन वर्षं ज्या दाराशी उभी होते ते नुसतं लोटलेलं होतं.

त्या दिवशी माझ्या दोन पोळ्या करपल्या.

पुढे रोजचंच झालं. तिचं काम आटोपलं की पंधरा-वीस मिनिटं बाई तिला शिकवायच्या. मला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू यायचं. "मनगट सोड. मनगट नाही, खांदा हलव." मी लाटणं धरून खांदा हलवून बघायची. बाई तिला म्हणायच्या, "हात आहे तुला." हात आहे. मी ते वाक्य बसमध्ये कात्रजपर्यंत चावत जायची. मलाही दोन होते.

आणि खरंच होता तिला हात. ती फोनवर पुस्तकातल्या पानांचे फोटो काढून न्यायची आणि दुसऱ्या दिवशी वहीच्या पानावर काढून आणायची. रेघ एका दमात, खोडरबर नाही. मला दाखवायची, "ताई, बघा बरं, जमलंय का?" मी बघायची आणि म्हणायची, "बरं आहे." बरं नव्हतं. फार चांगलं होतं. मला रंग कळायचे, पण रेघ माझी अजून थरथरायची. माझी भांडी एका बाजूला कलायची.

म्हणून मी ठरवलं की ते फळांचं चित्र हुबेहूब काढायचं आणि एकदाच बाईंच्या समोर ठेवायचं. त्यासाठी मला तिसरीत शिकलेली गोष्ट आठवली. जिल्ह्याचा नकाशा काढायला गुरुजी आम्हाला तेलकागद करायला लावायचे. साध्या कागदाला गोडंतेल चोळायचं, दोन दिवस रद्दीत दाबून ठेवायचा, तेल मुरलं की कागदातून खालचं दिसतं. मग नकाशावर ठेवून गिरवायचं. माझा नकाशा वर्गात पहिला यायचा.

त्या शनिवारी बाई दवाखान्यात गेल्या होत्या, तिची सुट्टी होती. घरात मी एकटी. दोन दिवस थांबायचं हे मला माहीत होतं. पण आदल्याच दिवशी बाई तिला म्हणाल्या होत्या, "पुढच्या आठवड्यात तुला रंग देते." रंग माझे होते. माझ्यानं थांबवलं नाही. बाईंच्याच बरणीतलं तेल घेतलं, कागदाला चोळलं, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि कागद पुस्तकावर ठेवला. भांड्याची कड फार सुंदर उतरत होती. मी खूश होते. गिरवून झाल्यावर कागद उचलला तर पांढऱ्या कापडावर तळहाताएवढा डाग. जाड कागदानं तेल पिऊन घेतलं होतं. पान उजेडात धरलं तर मागच्या बाजूची अक्षरं त्या कापडातून दिसत होती.

मी पीठ भुरभुरवून बघितलं, काही झालं नाही. पुस्तक मिटून जागेवर ठेवलं आणि भाजीला फोडणी दिली.

मंगळवारी बाईंना दिसलं. त्यांनी पुस्तक मांडीवर उघडं धरलं आणि तिला हाक मारली.

"केसांना किती तेल लावतेस गं तू?"

"रोजच्यासारखंच की, बाई."

"आणि पुस्तकावर डोकं किती खाली घालतेस?"

ती पान बघून म्हणाली, "बाई, हे मी नाही केलं. मी डोक्याला लावते तेल, पुस्तकाला कशाला लावू?"

"पुस्तकानं स्वतः लावून घेतलं असेल मग. आंघोळ राहिली असेल त्याची," बाई म्हणाल्या. "उद्यापासून पुस्तकांना हात लावायचा नाही."

मी कणीक मळत होते. हात थांबले. आता बोलावं असं वाटलं, आणि त्याच वेळी पोटात काहीतरी गार, बरं वाटणारं उतरलं. ते मी इथे लपवत नाही. मला बरं वाटलं. मी कणीक मळत राहिले.

तीन आठवडे हॉलमध्ये शांतता होती. ती यायची, काम करायची, जायची. रंग तिला मिळाले नाहीत. शनिवारी मी पुस्तकं पुसायची, पण उघडायला हात धजायचा नाही. घरीही काही काढलं नाही. मला वाटलं होतं की ती मागे पडली की मी पुढे जाईन. तसं काही होत नव्हतं.

मग एक दिवस मी मागच्या बाल्कनीत फडकं वाळत घालायला गेले. तिथे ती भांडी घासते. लादीवर तिनं ओल्या राखेनं, एका बोटानं, चित्र काढलं होतं. पाठमोरी बाई पोळ्या लाटते आहे. खांदे थोडे पुढे, मान एका बाजूला. ती मी होते. मी स्वतःची पाठ कधी पाहिली नव्हती, पण मला ओळखू आली.

"तुम्हीच हाय ताई," ती म्हणाली आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतून टाकलं. "पुस्तक नाही तर नाही."

तिच्याकडे पुस्तक नव्हतं, कागद नव्हता, बाई नव्हत्या, आणि तरी तिला जमत होतं. मग मी काय केलं होतं? मला आणखी एक गोष्ट टोचायला लागली. बाईंच्या डोक्यात या घरात चित्र काढणारी एकच होती. चांगलं चित्र तिचं, आणि पुस्तक बिघडलं तर तेही तिनंच. माझा डागसुद्धा तिच्या नावावर गेला होता. मी चांगुलपणानं सांगितलं असं कुणी समजू नये. मला ते सहन झालं नाही म्हणून सांगितलं.

पोळ्या झाल्यावर मी साबणानं तीनदा हात धुतले आणि हॉलमध्ये जाऊन उभी राहिले.

"बाई, तो डाग माझा आहे."

"कुठला डाग?"

"फळांच्या चित्रावरचा. तेलकागद होता. मी गिरवत होते."

बाईंनी चष्मा काढला. "तू? तू कशाला गिरवत होतीस?"

त्या दुसऱ्या 'तू'नं माझे कान तापले. मी आत जाऊन पिशवीतून, डब्याच्या खालून, कॅलेंडरच्या कागदांची गुंडाळी आणली. ती मी रोज बरोबर बाळगायची, कधी दाखवायला लागली तर म्हणून. बाईंनी एकेक कागद उलगडला. पेरू बघितला आणि बाजूला ठेवला. भांडी बघितली, "ही सगळी पुण्याहून मुंबईला निघाल्यासारखी कललीत," म्हणाल्या. मग एका कागदावर थांबल्या. कणकेवरचा ओला पंचा होता तो.

"हे कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं नाही. ओट्यावरचं आहे."

"गिरवलेलं?"

"नाही."

त्यांनी कागद उजेडाकडे वळवला. "हे निळं तुला कुणी सांगितलं?"

मी शेल्फाकडे बोट केलं.

"असं डोळ्यानं बघता येतं, मग पुस्तकावर तेल कशाला ओतलंस?"

उत्तर मागच्या बाल्कनीत भांडी घासत होतं.

बाईंनी तिला बोलावलं. "माझं चुकलं," त्या तिला म्हणाल्या. "डाग हिचा आहे. तुझ्या वेणीची मी माफी मागते. चहा टाक, तिघींचा."

ती ओट्याशी आली तेव्हा मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, "ताई, मला सांगायचं तरी. घेतलं असतं की मी अंगावर. तुमच्याकडे चार घरची कामं हायेत, माझ्याकडे सहा, एक सुटलं तरी चाललं असतं. पण विचारून घालायचं ना अंगावर."

म्हणजे मनानंही ती माझ्याहून मोठी निघाली. आता त्याचाही हेवा.

बाईंनी फोनवर शोधून तेच पुस्तक जुन्यातलं मागवलं. बत्तीसशे रुपये पडले. मी म्हटलं मी भरते. मला वाटलं होतं त्या राहू दे म्हणतील. बाई म्हणाल्या, "भर. का नाही? पगारातून कापते."

"कापू नका," मी म्हटलं. "पगार पूर्ण द्या. मी माझ्या हातानं देईन." बाईंसमोर इतकं लांब वाक्य मी कधी बोलले नव्हते.

"ठीक. आणि पैसे फिटले की डागाचं पुस्तक तुझं. दुकानात बरणी फोडली की तुकडे आपलेच असतात."

दर महिन्याला चारशे. आता शनिवारी आम्ही दोघी बाईंसमोर बसतो. बाई मला गिरवू देत नाहीत. माझी भांडी अजून कलतात, पण कमी. ती रंगात पाणी फार घालते आणि सगळं एकमेकांत मिसळतं. तेव्हा बाई म्हणतात, "हिचं बघ. कापड कसं उचललंय." ती मान लांब करून बघते, आणि मला पुन्हा तसं गार, बरं वाटतं. पण ती लगेच म्हणते, "लई भारी ताई," आणि मनापासून म्हणते. मग माझा आनंद अर्धाच राहतो. रेघ मात्र तिचीच. ती मला या जन्मात यायची नाही.

मागच्या महिन्यात जिना उतरताना तिनं विचारलं, "ताई, ते डागाचं पुस्तक तुमचं झालं की मला चार दिवस न्यायला द्याल ना?"

मी म्हटलं, "बघू." आमची बस एकच, आणि आलेली पहिली बस रिकामी होती तरी मी सोडली, तिच्याबरोबर बसायला नको म्हणून.

मधे मुलीच्या फीमुळे एक महिना चुकला, म्हणून आठाचे नऊ महिने झाले. आज सकाळी बाईंनी पगाराचं पाकीट दिलं. मी ते त्यांच्यासमोरच उघडलं, चारशे रुपये बाजूला काढले आणि त्यांच्या हातात दिले. त्यांनी दोनदा मोजले, मला राग आला नाही. मग त्या उठल्या, गुडघा धरत शेल्फापर्यंत गेल्या आणि पुस्तक आणून माझ्या हातात ठेवलं. मी डागाचं पान उघडून बघितलं. ती दारात फडकं पिळत उभी होती. मी पुस्तक पिशवीत घातलं नाही, तिच्याकडे धरलं आणि म्हटलं, "आधी हात पूस. आणि चार दिवस म्हणजे चारच." बाईंनी नोटा पर्समध्ये ठेवल्या आणि म्हणाल्या, "फिटले."