बंद पडलेलं इंजन

पंडितराव गेल्याचा निरोप शाळेच्या शिपायाने आणला, तेव्हा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर तारीख लिहीत होतो. खडू हातातच राहिला... महिना झाला, आता थोडं लिहिता येईल असं वाटतं.

देवपूरच्या शाळेत आम्ही वीस वर्षं शेजारी बसलो. ते भूगोल शिकवत, मी मराठी. सगळे त्यांना आबा म्हणत. मधल्या सुट्टीत डबा संपला की आबा खुर्चीतच झोपत आणि शिक्षकांची खोली त्यांच्या घोरण्याने भरून जाई. सुट्टीत मी त्यांच्या गावी गेलो, की दुपारी ओसरीवरच्या खाटेवरून तोच आवाज ऐकू येई. तो मधेच तुटायचा. छाती हलायची, पण श्वास येत नसे. मग घुसमटल्यासारखा हुंकार, आणि पुन्हा सुरू. विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज अंगणात बसून ओळखणारी ती माणसं. शेजारी ओरडे, "अक्का, आबानं इंजन बंद पडनं!" दुसरा म्हणे, "नही रे, डिझेल भरी राह्यना शे!" आबांचं इंजिन बंद पडलं, आबा डिझेल भरतायत, असं म्हणत सगळे हसत. मीही हसे. अक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, हसत नसत. त्या खाटेजवळ बसून विणलेल्या पंख्याने वारा घालत आणि आवाज तुटला की पंख्याची दांडी हलकेच आबांच्या खांद्याला लावत. श्वास परत येई.

आबांना मधुमेह निघाला तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांकडे मी बरोबर होतो. डॉक्टरांनी खाणं विचारलं, लघवी विचारली, शेवटी म्हणाले, "झोप कशी आहे?" आबांच्या आधी मीच बोललो, "झोपेचं सोडा डॉक्टर, तेवढी एकच गोष्ट ठणठणीत आहे." आबा हसले. अक्कांनी तोंड उघडलं होतं... माझ्यासारखा मास्तर बोलल्यावर त्यांनी ते मिटून घेतलं.

पुढे आबा गोड सोडूनही खंगत गेले. वर्गात शिकवता शिकवता डुलकी लागे. रक्तदाब औषधांना जुमानेना. पाय सुजले. जळगावच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडं निकामी होत चालल्याचं सांगितलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मी अक्कांना बोलू दिलं. अक्कांनी पंख्याच्या दांडीपर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, "मूत्रपिंडं साखरेनंही जातात. पण झोपेत श्वास असा अडला की रक्तातला प्राणवायू उतरतो, रक्तदाब चढतो. आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर त्याचाही भार पडत असणार. किती, ते मला सांगता येणार नाही. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी कुणाला दोष दिला नाही. मी जमिनीकडे पाहत होतो.

परवा गावी गेलो. अक्कांना दवाखान्यातल्या माझ्या त्या वाक्याची आठवण करून दिली, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बठ्ठाच हासेत, भाऊ." सगळेच हसायचे. मग आम्ही ओसरीवर बसून राहिलो. खाटेवर गोधडीची घडी होती. अक्का सवयीने पंखा हलवत होत्या. दूर कुणाच्या तरी विहिरीवरचं इंजिन चालू होतं, ते अचानक थांबलं. अक्कांचा हात पुढे झाला, पंख्याची दांडी गोधडीला टेकली... आणि तिथेच राहिली.