पत्त्याचा माणूस

या जगात माणसं दोनच प्रकारची, पत्ता असलेली आणि पत्ता नसलेली. बाकी जात, धर्म, पक्ष या साऱ्या मागाहून सुचलेल्या गोष्टी आहेत, असं आमच्या साडूभाऊंचं ठाम मत होतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसून निवृत्त झाले. ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा मारून परत आलेली पाकिटं उभा जन्म पाहिल्यामुळे असेल, पण पत्त्याच्या बाबतीत ते फार हळवे होते. रिक्षावाल्याला घरचा रस्ता सांगताना पिनकोडसुद्धा सांगत. लग्नाची पत्रिका आली की आधी मंगल कार्यालयाचा पत्ता तपासत, त्यात चूक निघाली तर वधूपित्याला जाऊन भेटत, आणि मगच नवरा कोण आहे ते वाचत. एकदा सत्यनारायणाच्या संकल्पात गुरुजी ‘गोदावरीच्या उत्तर तीरावर’ एवढंच म्हणून पुढे सरकले, तर साडूभाऊंनी हातातलं पाणी तसंच धरून त्यांना थांबवलं. ‘गुरुजी, गोदावरीचा उत्तर तीर फार मोठा आहे. घर नंबर घाला, वॉर्ड घाला. पुण्य शेजाऱ्याकडे जायला नको.’ शेजाऱ्यांशी तेव्हा त्यांचं भिंतीवरून वाकडं होतं. गुरुजींनी मुकाट्यानं घर नंबराचं संस्कृत केलं.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचा पत्ता साऱ्या देशाला पाठ झाला होता. कापसानं असा दगा दिला होता की दिल्ली-मुंबईहून माणसं गाड्या करकरून येत, बांधावर उभी राहून फोटो काढत आणि संध्याकाळी परत जात. जिल्ह्यातल्या माणसाला मात्र स्वतःचा पत्ता मिळत नव्हता. कापूस सोडून जो तो काहीतरी दुसरं करायला निघाला होता. कुणी गांडूळखत, कुणी निंबोळीचा अर्क, कुणी फवारणीचे पंप. धंदा म्हटला की नोंदणी आली आणि नोंदणी म्हटली की जागेचा पत्ता आला: लाइट बिल, घरटॅक्सची पावती, घरमालकाचं संमतीपत्र आणि दारावर पाटी. गावात पाटी लावून गिऱ्हाईक यायचं नाही आणि शहरात संमतीपत्र कोणी द्यायचं नाही. एकदा सही केली की माणूस घरात घुसतो तो निघत नाही, हे यवतमाळच्या प्रत्येक घरमालकाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. साडूभाऊ तेवढे मागेल त्याला सही देत, तीही फुकट. बिनपत्त्याचा माणूस दारात उभा आहे हे त्यांना बघवतच नसे.

अट मात्र एक होती. पत्ता खरा पाहिजे. पाटीवर ‘कार्यालय’ लिहिलंय ना, मग मालकानं आठवड्यातून एक दिवस तिथं येऊन बसलंच पाहिजे. त्यांनी सगळ्यांना वार वाटून दिले. सोमवारी गांडूळखत, मंगळवारी निंबोळी अर्क, असं. बाहेरच्या खोलीत भिंतीभर पाट्या, खाली एक टेबल, आणि टेबलामागे त्या त्या वाराचा मालक घाम पुसत बसलेला. गिऱ्हाईक येत नसेच. निंबोळी अर्कवाला लागोपाठ दोन मंगळवार आला नाही तेव्हा साडूभाऊंनी त्याची पाटी भिंतीकडे तोंड करून लावली. ‘आमच्या घरात पाहुण्याले बसाले जागा नाही, कंपन्यायले आहे,’ असं ताई, म्हणजे माझी मेहुणी, येईल त्याला सांगत. पण वाराच्या मालकाला चहा त्याच नेऊन देत.

बुधवार परसरामचा होता. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरचा हा तरुण. तांड्यावर घरांना नंबर नव्हते. तांडा नायकाच्या नावानं ओळखला जाई, आणि नायक वारला की नव्या नायकाच्या नावानं. साडूभाऊंना हे ऐकून रात्री झोप लागली नसावी. परसरामला सरकीच्या ढेपीचा, म्हणजे गुरांच्या पेंडीचा, धंदा करायचा होता. लोहाऱ्याची एक तेलगिरणी त्याला ढेप द्यायला तयार होती, पण विक्रीकराचा नंबर आणला तरच, आणि तोही हंगाम लागायच्या आत. शेत त्यानं भावाकडे सोडलं होतं. हा नंबर हुकला तर बायको-पोरांना घेऊन ऊसतोडीला जाण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. मुकादम येऊन विचारून गेला होता.

आणि नेमक्या एका बुधवारी जागेची पाहणी करायला विक्रीकराचा इन्स्पेक्टर आला, परसराम यायच्या आधी. मी तेव्हा सहज गेलो होतो. इन्स्पेक्टर भला गृहस्थ दिसला. पाटी पाहिली, कागद पाहिले, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

‘प्रोप्रायटर कुठे आहेत? जागेवर कोणी नसलं तर मला तसंच लिहावं लागते.’

मी साडूभाऊंकडे पाहिलं. या माणसानं आयुष्यात कुणाच्या पत्त्याबाबत खोटा शब्द काढलेला नव्हता. ताई दारात पदर धरून उभ्या होत्या. छताकडे पाहत साडूभाऊ म्हणाले, ‘आंघोळीला गेलेत.’

मी चाट पडलो. ताई मात्र क्षणभरच थबकल्या, वळल्या, आणि पुढच्या मिनिटाला न्हाणीघरातून पाण्याचा आवाज यायला लागला. तांब्यामागून तांब्या. यवतमाळात उन्हाळ्यात नळ कसे येतात ते ज्याला माहीत आहे त्यालाच त्या आवाजाची किंमत कळेल. घागरी, बादल्या, पिंप भरून ठेवलेलं पाणी ताई एका परक्या माणसाच्या नोंदणीपायी फरशीवर ओतत होत्या. इन्स्पेक्टर थोडा वेळ ऐकत बसला. ‘पाणी चांगलं आहे बुवा तुमच्याकडे,’ तो कौतुकानं म्हणाला. मग त्यानं मनाशी काही ठरवलं. ‘आंघोळ इथंच करतात म्हणजे जागा पक्की समजायची. उद्या त्यांना सहीसाठी पाठवून द्या.’ आणि शेरा लिहून तो गेला.

तासाभरानं परसराम आला, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेला. ‘काका, मी तं येऊनच राह्यलो होतो. जीप बोरीपाशी पंक्चर झाली. साहेब येऊन गेले काय?’

‘आधी आंघोळीला जा,’ साडूभाऊ म्हणाले.

‘आंघोळ करूनच निघालो काका सकाळी.’

‘ती तिथली झाली. इथली राहिली आहे.’

परसरामला काहीच कळेना. मी समजावून सांगितलं तेव्हा तो बिचारा टॉवेल शोधायला लागला, पण घरात आता थेंबभर पाणी नव्हतं. शेवटी त्या वाकड्यातल्या शेजाऱ्याकडून दोन बादल्या मी मागून आणल्या. परसरामनं आंघोळ केली, तेव्हा कुठे साडूभाऊंनी चहा घेतला. तरी समाधान नव्हतंच. आधी सांगितलं आणि मागून घडलं, त्याला खरं म्हणता येतं का, हा प्रश्न त्यांना छळत होता. त्यावर त्यांनी तोड काढली ती अशी, की परसरामनं दर बुधवारी इथं आंघोळ करायची. म्हणजे इन्स्पेक्टरला सांगितलेलं कायमचं खरं होईल.

नंबर मिळाला, गिरणीनं ढेप दिली, मुकादम दुसऱ्या घरी गेला. परसराम दर बुधवारी येत राहिला. पुढे तो तांड्यावरच्या विहिरीचं पाणी डब्यांत भरून जीपच्या टपावरून आणायला लागला. ‘तुमचं पाणी कायले सांडता काकू? आपल्या विहिरीचं आणलं.’ त्यातलं अर्धं तो ताईंच्या पिंपात ओती. न्हाऊन झालं की जेवायला बसे. साडूभाऊंच्या सोवळ्या घराण्यात हे असं बाहेरच्या कुणी कधी केलं नव्हतं, आणि ते कसं सुरू झालं हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. बाकीच्या कंपन्या हळूहळू बसल्या, पाट्या निघाल्या. बुधवार तेवढा राहिला.

मग परसरामनं दारव्ह्याला दुकान घेतलं. पेढे घेऊन आला, पाया पडला आणि म्हणाला, ‘काका, इथली पाटी राहू द्या. दोन पत्ते चालते म्हणे.’ ताई लगेच म्हणाल्या, ‘राहू द्या नं.’ साडूभाऊ उठले, चष्मा लावला, आणि पत्ता बदलल्याचा अर्ज सुवाच्य अक्षरात स्वतः लिहून दिला. ‘जिथं माणूस बसत नाही तिथं पाटी कायले?’ पाटी काढायला स्टूलही त्यांनीच धरलं. मला त्यांचा त्या दिवशी खरोखर राग आला. थोडं खोटं बोलून सुखी राहणं यांना एकदा जमलं होतं, दुसऱ्यांदा का जमू नये, असं वाटलं. परसराम वर्षातून एकदोनदा येई, पण धंदा वाढलेल्या माणसाला बुधवार कुठून मिळणार?

दुकान घेतल्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात एके सकाळी साडूभाऊ कोट-टोपी घालून माझ्या दारात. ‘दारव्ह्याला जाऊन येऊ. त्याचा पत्ता बरोबर नोंदला गेलाय की नाही, तपासायला हवं.’ जीपमध्ये कोंबून घेऊन आम्ही गेलो. दुकानासमोर बैलगाड्या उभ्या होत्या, ढेपीची पोती छताला लागली होती. परसराम गल्ल्यावरून धावत आला. त्याच्याकडे न बघता साडूभाऊंनी आधी पाटी वाचली, चौकटीवरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला, पिनकोड पाहिला. शेजारच्या किराणावाल्याला विचारलं, ‘हे इथं रोज बसतात का?’

‘रोज बसते नं बाप्पा. कुठीच जात नाही.’

मग ते आत गेले, चहा घेतला, परसरामच्या पाठीवरून हात फिरवला. गिऱ्हाइकांची रीघ होती, तो दर वाक्याला उठत होता. थोड्या वेळानं आम्ही निघालो.

परतीच्या जीपमध्ये साडूभाऊ खिडकीशी बसले होते. बोरी मागे पडली. मग बाहेरच बघत, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे, ते हळूच म्हणाले, ‘पत्ता अगदी बरोबर आहे हो. एखादी तरी चूक निघायला हवी होती.’